जर्मनचा ट्रे

श्रावण सरत आला तरी हिंडलग्यातला चिखल हटायचं नाव घेत नव्हता. अप्पासाहेब पावश्यांच्या गायी त्याच चिखलातून रोज चरायला जात आणि त्याच चिखलातून परत येत. व्हायचं तेच झालं. खुरांच्या बेचक्यात जखमा झाल्या, गोठ्याला वास यायला लागला. कपिली नावाची गाय तर मागचा डावा पाय टेकवायलाच तयार होईना. तिचं दूध निम्म्यावर आलं. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि सांगितलं, की मोरचूद पाण्यात विरघळवा, ते पाणी पसरट भांड्यात घालून गोठ्याच्या दारातच ठेवा, आणि जाता-येता गायींना त्यातून चालवा.

अप्पासाहेबांची सगळी नोकरी गावाशेजारच्या तुरुंगात शिपाई म्हणून गेलेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघायची सवय काही गेली नव्हती. कुणी काही सांगितलं तर ते ना हो म्हणत, ना नाही. आधी डोळ्यांनी बघत. गोठ्यामागे छपराचा जुना पत्रा पडला होता. त्याच्या कडा त्यांनी दगडावर ठोकून वर वळवल्या, कोपरे डांबराने लिंपले आणि ते भांडं दारात ठेवून त्यात मोरचुदाचं निळंभोर पाणी ओतलं.

त्यांची सून पूर्णिमा त्या वेळी डबा घेऊन शाळेला निघाली होती. तिचं माहेर वडगावचं. घरात यंत्रमाग, चोवीस तास खडखडाट. त्या आवाजातच अभ्यास करून ती बीएस्सी झाली, मग बीएड झाली आणि अनगोळच्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. सासऱ्यांशी तिचं बोलणं कामापुरतं असे. पण ते निळं पाणी त्या पत्र्यात पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"मामा, ह्यात ते पाणी टिकायचं न्हाय. पत्रा खाऊन टाकंल."

"कोण खातंय पत्रा?"

"मोरचूद. आधी निळा रंग उतरंल, मग बुडाला तांबडा गाळ बसंल, मग भोकं पडतील."

अप्पासाहेबांनी मान हलवली. त्यातून काहीच अर्थ निघत नव्हता. पूर्णिमाची बस चुकत होती, ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा रंग फिका पडला. नंतर तो पार हिरवट होऊन गेला आणि बुडाला विटेच्या चुऱ्यासारखा गाळ दिसायला लागला. अप्पासाहेबांनी पुन्हा मोरचूद घातलं. आठवडा सरायच्या आत पत्र्याला खालून पाझर फुटला आणि गोठ्याच्या उंबऱ्यापाशी ओल आली. नासधुशीचं त्यांना फारसं वाटलं नाही, पत्रा जुनाच होता. त्यांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सुनेने आधी रंग, मग गाळ, मग भोकं असं म्हटलं होतं, आणि अगदी त्याच क्रमाने सगळं घडलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते तिची वाट बघतच बसले होते.

"तुला कसं कळलं?"

पूर्णिमाने पर्स खांद्यावरून उतरवली आणि तिथंच पायरीवर बसून सांगायला घेतलं. "मोरचुदात तांबं असतंय, मामा. पाण्यात विरघळलेलं, म्हणून दिसत न्हाय. ह्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा आणि आत लोखंड. जस्त बी तांब्यापेक्षा तेज, लोखंड बी तेज. ते पाण्यात शिरतात आणि तांब्याला भायेर काढतात. तो तांबडा गाळ हाय न्हवं, ते तांबंच."

अप्पासाहेब उठले, चिमूटभर गाळ बोटांवर घेऊन चोळला, उजेडाकडे धरला. बोटं तांबूस झाली.

"म्हंजे एक आत गेला की दुसरा भायेर."

"व्हय. पण कुणीबी कुणाला न्हाय काढू शकत. त्याची ओळ हाय. वरचा खालच्याला काढतो, खालचा वरच्याला न्हाय."

"ओळ सांग बघू."

तिने सांगितली. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसं, तांबं, चांदी, सोनं. त्यांनी ती पुन्हा म्हणायला लावली. दोन दिवसांनी धार काढताना ते ती तोंडातल्या तोंडात म्हणत असल्याचं तिच्या सासूबाईंनी, नागुबाईंनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, म्हातारा एखादा मंत्र घेऊन आला कुठून तरी.

मग रोज संध्याकाळी काही ना काही प्रश्न असायचा. तांब्याच्या घागरीत हे पाणी ठेवलं तर? काही होणार नाही, तांबं तांब्याला कसं काढेल? चांदीच्या वाटीत? चांदी खालची, तिला जमणार नाही. एकदा ते म्हणाले, "आणि पाण्यात चांदी असली आणि मी तांब्याची तार बुडवली तर? तारंवर चांदी चढायला पायजे."

"चढतेच!" पूर्णिमा म्हणाली. तिच्या वर्गात असं आपणहून विचारणारी दोन-तीनच मुलं निघत. सासरी कुणाला आपल्या विषयाचं असं काही वाटेल हे तिने धरलंच नव्हतं. ती खूश झाली, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

दूध डेअरीवर अप्पासाहेबांनी शेजारच्या भरमूला ओळ सांगितली. भरमू म्हणजे त्यांच्या बरोबरीचा, दोन म्हशी राखून असलेला, प्रत्येक रोगावर काही ना काही इलाज ठाऊक असलेला माणूस. तो म्हणाला, "सून शिकल्याली आणलीस ते बरं झालं बघ."

अमृत, अप्पासाहेबांचा मुलगा आणि पूर्णिमाचा नवरा, उद्यमबागेत पत्र्याचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता. हाताला चांगला, तोंडाचा कमी. घरात ओळीची चर्चा चालायची तेव्हा तो जेवत असायचा किंवा फोन बघत असायचा. पण गोठ्याला नवं भांडं लागणार हे त्याने ऐकलं होतं. एका रविवारी तो सुट्टी असून वर्कशॉपला गेला आणि दुपारी स्कूटरला मागे आडवा बांधून एक ट्रे घेऊन आला. ॲल्युमिनियमचा. गावातली जुनी माणसं अजून त्याला जर्मनच म्हणतात. एकाच पातळ पत्र्यातून घडवलेला, कुठं सांधा नाही, रिबिट नाही. कोपऱ्यांना पाकिटासारखी घडी घातलेली. गाईच्या पायाला लागू नये म्हणून कड गोल वळवलेली. उन्हात तो असा चमकत होता की नागुबाईंनी डोळ्यांवर हात धरला.

"हा गंजायचा न्हाय," अमृत म्हणाला.

पूर्णिमा कपडे वाळत घालत होती. तिने वळून पाहिलं आणि वर्गात उत्तर द्यावं तसं म्हणाली, "अहो, हे तर लोखंडाच्या बी वर हाय. जस्ताच्या बी वर. तो पत्रा आठवडाभर तरी टिकला, हे तेवढं बी टिकायचं न्हाय."

"वर म्हंजे कुठं वर?"

"ओळीत," अप्पासाहेबांनीच सांगितलं. त्यांनी ट्रेला हातसुद्धा लावला नाही. "व्हय की. जर्मन दुसरंच हाय. मग नको हे. मोरचूद फुकट जाईल."

अमृत ट्रे हातात धरून उभा राहिला. बापाने आपण आणलेली वस्तू न बघताच बाजूला ठेवावी, आणि तीही बायकोच्या एका वाक्यावर, हे कसं घ्यावं ते त्याला कळेना. नागुबाई मध्ये पडल्या. "पोरानं सुट्टी मोडून करून आणलंय. घालून तर बघा. गेलं तर गेलं."

त्यांच्या शब्दाखातर ट्रे दारात बसला आणि त्यात निळं पाणी पडलं.

त्या दिवसापासून अप्पासाहेब सकाळी उठले की आधी ट्रेपाशी जाऊन वाकून बघत. पाणी निळं. बोट घालून बुडावर फिरवत. गाळ नाही. आठवडा उलटला, दुसरा लागला. पाणी निळंच. गायींच्या जखमा सुकायला लागल्या, कपिली पाय टेकवून उभी राहू लागली. ट्रे जसाच्या तसा. पूर्णिमाही शाळेला जाताना नजर टाकायची आणि फाटक ओढायची.

अमृतने वडगावला सासऱ्यांना फोन करून हसत हसत सांगितलं, की तुमच्या मुलीचं विज्ञान आमच्या गोठ्यात नापास झालं. बोलण्यात खोच नव्हती, आनंद होता. पण तो आनंद पूर्णिमाने शेजारच्या खोलीतून ऐकला. डेअरीवर भरमूने विचारलं, "काय अप्पासाहेब, सुनंच्या ओळीतनं जर्मन पळून गेलं काय?" चार माणसं हसली. अप्पासाहेबांनी किटली उचलली आणि ते घरी आले.

त्या संध्याकाळी त्यांनी प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "एक चुकलं म्हंजे बाकीचं बी खरं कशावरनं?" ते रागावलेले नव्हते. तुरुंगात असताना एखादं कुलूप एकदा आपोआप उघडलं, तर ते पुन्हा कधी वापरत नसत.

पूर्णिमाला हसण्याचं फार लागलं नाही. लागलं ते हे, की चार वर्षं ती ही ओळ फळ्यावर लिहीत होती, मुलांकडून पाठ करून घेत होती, काय होईल आणि काय होणार नाही ते आधी सांगायला लावत होती, आणि ॲल्युमिनियमचा तुकडा तिने स्वतः एकदाही मोरचुदात बुडवून पाहिला नव्हता. खिळा पाहिला होता. जस्त पाहिलं होतं. बाकीचं ओळीवर सोडलं होतं.

योगायोग असा, की दहावीचा तोच धडा तोंडावर आला होता. तिने प्रयोगशाळेतून तीन परीक्षानळ्या आणल्या. एकीत खिळा, एकीत जस्ताचा तुकडा, एकीत ॲल्युमिनियमची पट्टी. टाकण्याआधी वर्गाला विचारलं, काय होईल? सगळ्यांनी सांगितलं, तिन्हींत तांबं बाहेर येईल, ॲल्युमिनियमच्या नळीत सगळ्यात लवकर. तास संपेपर्यंत जस्त काळं पडलं, खिळ्यावर तांबूस थर आला, आणि ॲल्युमिनियमची पट्टी निळ्या पाण्यात नव्यासारखी उभी राहिली.

"टीचर, मग पुस्तक चुकीचं आहे का?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं.

"मला माहीत नाही," पूर्णिमा म्हणाली. "पट्टी खोटं बोलणार नाही एवढं नक्की. मी शोधून सांगते."

कॉलेजची पुस्तकं माहेरी माळ्यावर होती. ती शाळा सुटल्यावर वडगावला उतरली, मागांच्या खडखडाटात माळ्यावर चढली आणि धूळ झटकून एक जाडजूड पुस्तक खाली काढलं. उत्तर सापडायला वेळ लागला नाही. तिने ते कधीतरी परीक्षेसाठी वाचलेलंही होतं, बाजूला पेन्सिलची रेघ तिचीच होती. ॲल्युमिनियम इतकं तेज, की हवा लागताक्षणी त्यावर एक पातळ, टणक कवच चढतं. आतला धातू झाकला जातो. मोरचुदाचं पाणी त्या कवचावर थांबतं, आत पोचतच नाही. पण पाण्यात मीठ असेल तर मीठ ते कवच फोडतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं. बीकरमध्ये मोरचुदाचं पाणी, त्यात तीच पट्टी, त्यात डब्यातलं मीठ. क्षणभर काही नाही. मग पाणी हिरवट झालं, पट्टीच्या कडेला बारीक बुडबुडे धरले, आणि बघता बघता सगळी पट्टी तांबड्या लोकरीत गुंडाळल्यासारखी झाली. तिने बीकरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चांगलंच गरम झालं होतं. ती खाली बसली. घंटा झाली तरी बसूनच होती.

घरी आल्या आल्या ती गोठ्याकडे गेली. अप्पासाहेब दावणीशी होते. तिने ट्रेपाशी वाकून पाणी बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. गोठ्याच्या बाजूच्या कडेला, बुडाशी, मोहरीएवढे तांबूस ठिपके होते.

"मामा, हे बघा."

त्यांनी पाहिलं.

"ओळ खोटी न्हवती. मीच अर्धं सांगितलं. जर्मनवर एक कवच असतंय, डोळ्यांना दिसत न्हाय. ते हाय तवर पाणी आत जात न्हाय."

"म्हंजे दार बंद हाय."

"व्हय. आणि मिठानं ते दार उघडतंय. आज शाळेत बघितलं मी. पट्टी पार खाऊन टाकली."

"मिठानं," अप्पासाहेब म्हणाले. त्यांनी ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, धोतराला पुसला आणि वासराला सोडायला गेले. पूर्णिमाला वाटलं, त्यांचा विश्वास बसला नाही. अमृतला सांगावं असं तिच्या मनात आलं, पण तो दमून आला होता, आणि ट्रेचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी पडे. रविवारी त्याच्याकडून पत्र्याचा एखादा तुकडा मागून घेऊ आणि घरीच करून दाखवू, असं तिने ठरवलं.

शनिवारी शाळा सकाळची. नागुबाई गुंजीला बहिणीकडे गेल्या होत्या, अमृत कामावर. दुपारी पूर्णिमा फाटक उघडून आत आली तर गायी सगळ्या मागच्या चिंचेखाली बांधलेल्या, आणि ट्रे अंगणाच्या मधोमध. शेजारी मोरचुदाची रिकामी पिशवी. अप्पासाहेब पाटावर बसलेले, मांडीवर खडेमिठाची बरणी.

"मामा, काय करताय?"

"भरमू म्हणत हुता, मीठ घाटलं तर जखम लवकर भरती," ते म्हणाले. मग म्हणाले, "पर त्यासाठी न्हाय घाटलं. मला बघायचं हुतं."

मीठ पडून थोडाच वेळ झाला होता. पाणी हिरवं झालं होतं. एका कोपऱ्यात, मिठाचे खडे जिथं ढिगाने पडले होते तिथून, बुडबुड्यांची रांग वर येत होती. मग ती सगळीकडे पसरली. ट्रे खदखदायला लागला, वाफ निघाली, बुडावरून तांबडे पापुद्रे सुटून वर यायला लागले. पूर्णिमा पर्ससकट त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"लांबनंच बघा. वाफ नाकात घेऊ नका."

"तापलंय गं! विस्तव न्हाय, काय न्हाय."

"आतनंच तापतंय."

"म्हंजे दार उघडलं."

"उघडलं."

दोघंही हसत होते. सासरे-सून एवढं मोकळं हसलेले त्या अंगणाने पाहिले नव्हते. पाणी गढूळ झालं, निळा-हिरवा रंग गेला. मग ट्रेखालची माती भिजायला लागली. आधी कोपऱ्यापाशी, मग मध्ये. पूर्णिमाने ट्रेची कड उचलून पाणी कलतं केलं आणि तिला बुडातून पलीकडची माती दिसली. चाळणीसारखी भोकं. त्याच वेळी तिच्या बोटांना ती कड लागली, गोल वळवलेली, गाईच्या पायाला लागू नये म्हणून. तिचं हसू थांबलं.

"मामा, हा त्यांनी करून आणलेला हुता."

अप्पासाहेबांनी ट्रेकडे पाहिलं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं असं नाही. ते ध्यानात येऊनही त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

अमृत आला तेव्हा ट्रे धुऊन भिंतीला टेकवून ठेवला होता. लपवायचं असं दोघांच्याही मनात आलं नाही. त्याने स्कूटर लावली, ट्रे उचलून उजेडाकडे धरला, भोकांतून आभाळ पाहिलं.

"हे काय केलंय?"

"मीठ घाटलं मी," अप्पासाहेब म्हणाले. "बघायचं हुतं, खातंय का न्हाय."

"मग? खाल्लं?"

"खाल्लं."

"मला इचारलं का कुणी?" अमृतचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागत होतं. "आप्पा, दोन हप्ते गायींचे पाय ह्यात बरं होत हुते. चालू हुतं की न्हाय? मग तुम्हांला कशापायी बघायचं हुतं? हिची ओळ खरी ठरवायला?" मग तो पूर्णिमाकडे वळला. "झालं समाधान?"

पूर्णिमाच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. ते खरं होतं, आणि तिने ते गिळलं.

अमृतने ट्रे घरामागे नेऊन टाकला आणि तो जेवायला आला नाही.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता. नागुबाई गुंजीहून आल्या, काय झालं ते त्यांनी दोघांकडून वेगवेगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "एवढं बघायचंच हुतं, तर माझ्या सैपाकघरात जर्मनची झाकणी हुती. ती न्यायची की. अख्खा ट्रे कशाला घाटलासा?"

पूर्णिमा पदर तोंडाला लावून आत गेली. हसावं की रडावं हे तिलाही ठरवता आलं नाही. एका झाकणीने भागलं असतं. शाळेत एका पट्टीने भागलंच होतं. आणि त्या रविवारी कपडे वाळत घालताना ती जे बोलली, ते दुसऱ्या दिवशी बोलली असती, ट्रे हातात घेऊन, कोपरे बघून बोलली असती, तरी ओळ काही पळून जाणार नव्हती.

तिकडे गायी पुन्हा कोरड्याच ये-जा करत होत्या आणि कपिलीच्या खुराला पुन्हा ओल धरली होती. एका संध्याकाळी पूर्णिमा चहा घेऊन अप्पासाहेबांपाशी गेली. "मामा, तुम्ही त्यांच्याशी बोला."

"काय बोलू?"

"ते मी कसं सांगू? पण तुम्हीच बोलायला पायजे. मी बोलले तर ते ओळीचंच वाटंल त्यांना."

त्यांनी चहा बशीत ओतला, प्याला आणि कप तिच्या हातात दिला. जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यांची हजेरी घेतली, त्याला आपण होऊन कुणापुढे उभं राहायचं म्हणजे काय, हे तिला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

रविवारी सकाळी ते कुणाला न सांगता गेले आणि टेम्पोतून प्लॅस्टिकचा एक मोठा निळा बॅरल घेऊन आले. तो त्यांनी अंगणात आडवा केला, अमृतच्या वर्कशॉपच्या पिशवीतून लोखंड कापायचं आक्सा ब्लेड काढलं आणि बॅरलच्या बरोबर मध्यावर आडवं लावलं. अमृत ओट्यावर दात घासत बसला होता. थोडा वेळ त्याने पाहिलं. ब्लेड घसरत होतं.

"आप्पा, तसं कापलं तर दोन बादल्या हुतील," तो शेवटी म्हणाला. "उभा कापाया पायजे."

"मग कसा कापायचा सांग."

"कापा की तुमचं तुम्ही."

"मला येत न्हाय," अप्पासाहेब म्हणाले. ब्लेड त्यांनी खाली ठेवलं. "त्या दिवशी तुला इचाराया पायजे हुतं. न्हाय इचारलं. आज इचारतोय."

अमृत उठला, चूळ भरली आणि आला. खडूने उभी रेघ मारली. बाप एका टोकाला धरून बसला, मुलगा कापत गेला. खालून डगमगू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा लावायच्या, कड पायाला लागू नये म्हणून तापल्या सळईने गोल करायची, असं तो सांगत गेला आणि अप्पासाहेब विटा आणत गेले.

पूर्णिमा सळई तापवून घेऊन आली तेव्हा अमृतने मान वर न करता विचारलं, "मीठ घाटलं नसतं तर टिकला असता का गं तो?"

तिने सळई त्याच्या हातात दिली. "दिवाळीपर्यंत. फार तर."

"म्हंजे?"

"गायीचं मूत पडतंय त्यात. मुतात मीठ असतंय. कडेला ठिपके पडाय लागले हुते."

अमृतने कडेवरून सळई फिरवली. प्लॅस्टिकचा वास सुटला. "मग त्या दिवशी का न्हाय सांगितलंस?"

"त्या दिवशी सांगून काय झालं असतं?"

"न्हाय, काय न्हाय. भांडण वाढलं असतं."

"तुमचे कोपरे मी भोकं पडल्यावर बघितले," ती म्हणाली. "आधी बघायला पायजे हुते. एवढी घडी घालून बी कुठं गळत न्हवतं. ते कसं केलं?"

तो सांगायला लागला. आधी पत्रा आतून मोडायचा, मग तिरका, मग घडी बाजूला दाबायची. हवेत हात करून दाखवत होता. तिने मध्येच दोनदा विचारलं आणि त्याने दोन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून दाखवलं.

"आणि हे प्लॅस्टिक?" अप्पासाहेबांनी विटा बसवता बसवता विचारलं. ट्रे गेल्यापासूनचा तो त्यांचा ओळीचा पहिला प्रश्न होता. "हे कुठं बसतंय ओळीत?"

"ओळीतच न्हाय, मामा. ती धातूंची. काय होऊ नये असं वाटतंय. पण कापलेला तुकडा घ्या, मोरचुदात आणि मिठात बुडवून ठेवू. उद्या बघू, मग गायी घालू."

"उद्या बघू," अप्पासाहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

तुकड्याला काहीच झालं नाही. निळा बॅरल निळ्या पाण्यासकट गोठ्याच्या दारात बसला. बाकीच्या गायी चालून गेल्या, पण कपिलीने त्याच्याकडे पाहिलं आणि चारही पाय रोवले. अमृतने पुढून ओढलं, अप्पासाहेबांनी मागून रेटलं, भरमू कुंपणापलीकडून सल्ले देत उभा राहिला. कपिली हलेना. शेवटी नागुबाई हिरव्या मक्याची पेंढी घेऊन आल्या, बॅरलच्या पलीकडे बसल्या आणि कुणाकडे न बघता एकेक ताट मोडायला लागल्या. बऱ्याच वेळाने कपिलीने मान लांब केली, पुढचा पाय पाण्यात टाकला, काढला, पुन्हा टाकला, आणि लंगडत पलीकडे गेली.

नवरात्र बसलं तोवर तिची खुरं भरून आली. दूध मात्र पहिल्याइतकं त्या वर्षी आलं नाही.